बादलीवरचा खण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढंसुद्धा नाही, कारण तिथं हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी जरा जवळ सरकून बसा. मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही.

मी परळीत ब्लाऊज शिवते. पंचवीस वर्षं झाली. माझ्या ओसरीवर बाई येते ती दोनच कामांना, कापड टाकायला नाहीतर भांडायला. काखेत ओढतंय, गळा उतरलाय, हूक कच्चे लावलेत. नुसतं मला भेटायला, माझ्याजवळ दोन घटका बसायला म्हणून कुणी आल्याचं आठवत नाही. एक सोडून. पण हे मी आत्ताच कशाला सांगतेय? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? तसं असेल तर हे ऐकलंच नाही असं समजा.

ब्रह्मकमळ तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या दारात नसलं तर शेजारी असेल, शेजारी नसलं तर पावसाळ्यात मोबाईलवर कुणी ना कुणी त्याचा फोटो पाठवतंच. झाड म्हणून बघायला गेलं तर काही रूप नाही. पानातून पान फुटतं, पट्ट्यांसारखी लांबलचक, कुठंही वाकडी जातात. माझं एक गिऱ्हाईक शाळेत शिकवतं, त्या बाई म्हणाल्या, हे खरं ब्रह्मकमळ नव्हेच, खरं हिमालयात असतं, हा आपला निवडुंगाचा प्रकार. निवडुंग! काटा औषधाला नाही आणि म्हणे निवडुंग. पण फुलतं तेव्हा — रात्री नऊला पाकळ्या सुटायला लागतात, अकरा-बारापर्यंत वाटीएवढं, ताटलीएवढं पांढरं फूल, आणि वास असा की गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. सकाळी मान टाकलेली असते. ज्याच्या घरी फुललं त्याच्याकडं मग गल्ली लोटते. नारळ, हळदकुंकू, उदबत्ती. त्या घराचं नशीब उघडलं असं बायका म्हणतात, आणि म्हणताना घरवालीकडं असं काही बघतात की काय सांगू.

माझ्या शेजारी नसीमआपा राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला ‘तुमी’ म्हणते, मनात मात्र ती ‘ती’च आहे, म्हणून इथंही तसंच म्हणते. मघाशी ‘एक सोडून’ म्हटलं ना, ती एक हीच. दुपारी दोनच्या सुमारास चहा घेऊन यायची, माझ्या मशिनीजवळ पाटावर बसायची, आणि कापडाच्या चिंध्या वेगळ्या काढत बसायची, कुणी सांगितलेलं नसताना. तिचे मालक हमीदभाई पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून. एकदा थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीत एका साहेबांची मोटार बघायला गेले आणि येताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक पान घेऊन आले. ब्रह्मकमळाचं पान. बायकोला फुलांचं वेड, म्हणून मागून आणलं. आपानं काय केलं? विळीवर त्या पानाचे मधोमध दोन तुकडे केले, आणि एक मला दिला.

नवऱ्यानं आपल्यासाठी आणलेली वस्तू. अर्धी कापून कोण देतं हो?

तिनं तिचा तुकडा रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला. हमीदभाईंची सवय अशी की घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल रंगानं आपलं नाव घालायचं. पक्कड, शिडी, पाटा, सगळ्यावर ‘हमीद’. लोक हत्यारं नेतात आणि विसरतात ना, म्हणून. बादलीवरही त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. मी माझा तुकडा फुटक्या कूलरच्या टबात खोचला आणि विसरून गेले. परळीत झाड वाढवायचं म्हणजे थर्मलच्या राखेशी कुस्ती. पानांवर करड्या पिठासारखा थर बसतो. आपा रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, लेकराचं तोंड पुसावं तसं. मी? पाऊस पुसेल म्हणायचे.

दोन वर्षांनी हमीदभाई गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचलेच नाहीत. त्यानंतर आपा त्या झाडाशी बोलायला लागली. मी भिंतीअलीकडून ऐकायची. वेडीवाकडी नव्हे, साधीच बोलणी. आज मोटारीचं गिऱ्हाईक येऊन परत गेलं, आज रुबीनाचा फोन आला. रुबीना तिची एकुलती लेक, नांदेडला दिलेली.

पाचव्या वर्षी त्या झाडाला पहिली कळी आली. एकच. आपानं मला हाताला धरून नेलं, आणि बोटाएवढ्या त्या कळीपुढं आम्ही दोघी उकिडव्या बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “त्येंला लई बघायचं होतं गं.” माझ्या झाडाला काही नव्हतं. एकाच पानाचे तुकडे, एकाच दिवशी लावलेले — माझ्या मनात तेव्हाच काहीतरी टोचलं. खरं सांगते, आनंद झाला, पण टोचलंही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नांदेडहून बोलावणं आलं. रुबीनाचं पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. आपाला जावं लागलं. आमच्या गल्लीत शेळ्या मोकाट, म्हणून जाताना तिनं बादली उचलून माझ्या ओसरीवर आणून ठेवली. “मंगल, कळी आधी खाली लोंबती. मग देठ वळतो आन् ती मान वर करती. मान वर केली की मला फोन लाव. मी सकाळच्या गाडीत बसते, रातच्याला हितं. एक रात बघते आन् परत जाते. रुबीनाची सासू हाय तिथं.” मी म्हटलं, “आपा, बिनघोर जा.”

बिनघोर जा म्हटलं मी.

अकराव्या दिवशी सकाळी मी झाडलोट करायला बाहेर आले, तर कळीनं मान वर केलेली. टपोरी, टोकाशी जराशी सैल. आज रात्री फुलणार, यात शंका नाही. मी आत जाऊन फोन घेतला. हे मला नीट आठवतं, फोन हातात होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. दर सणाला सहा-सहा ब्लाऊज टाकणारी आणि सहाच्या सहांना नावं ठेवणारी बाई. ती ओसरीवर थबकली आणि ओरडलीच, “अगं बया! मंगल, तुझ्याकडं ब्रह्मकमळ? नशीब काढलंस गं!” आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मघाशी म्हटलं ना, बायका कसं बघतात. तसं.

‘माझं नाही, आपाचं आहे.’ चार शब्द. किती वेळ लागतो?

मी हसले. नुसती हसले. इथवर तुम्ही म्हणाल, होतं असं, तोंडातून निघालं नाही. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आले. पण पुढचं ऐका. दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं. संध्याकाळी येतो, नारळ घेऊन येतो, असे निरोप यायला लागले. मी फोन परत उचलला नाही. सकाळची गाडी तर केव्हाच निघून गेली होती, आता सांगून काय फायदा — असं म्हणत मी ओसरी सारवल्यासारखी पुसून काढली. मग माझी नजर बादलीवर गेली. लाल अक्षरात ‘हमीद’.

मी कपाट उघडलं. हिरवा खण होता, जरीकाठाचा, माझ्या स्वतःसाठी ठेवलेला. तो मी बादलीला गुंडाळला. नुसता गुंडाळला नाही — मागं टाके घातले, काठ बरोबर वर येईल असा बेतला, एक सुरकुती राहू दिली नाही. नाव पूर्ण झाकलं गेलं की नाही ते चारी बाजूंनी फिरून बघितलं. माझा कूलरचा टब उचलून मागं मोरीजवळ नेऊन ठेवला. हे तोंडातून न निघालेलं नव्हे. हे हातानं केलेलं आहे, सुई-दोऱ्यानं, भर दुपारी.

आणि त्या रात्री काय मजा आली म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकी मजा आली नव्हती. पन्नासेक माणसं येऊन गेली. मी सगळ्यांना मसाला दूध दिलं. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कुणी म्हणालं मंगलताईचा हातच गुणी. फूल उमलत होतं आणि मी त्याच्याकडं फारसं बघितलंच नाही, लोकांकडंच बघत होते. कुणाचा तरी भाऊ वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचा, त्यानं फोटो काढला. दोन दिवसांनी छापून आला. मी, फूल, आणि हिरव्या खणातली बादली. खाली माझं नाव.

त्या दिवसांत मी मनाशी एक कारणही तयार करून ठेवलं होतं. म्हणायचे, आपाच्या अंगणात हे लोक नारळ घेऊन आले असते का? म्हणजे बघा, माझी लबाडी झाकायला मी अख्खी गल्ली वाईट ठरवली. पुढं आपाकडं फूल उमललं तेव्हा सगळे आले, नारळासकट, आणि तिनंच खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. तेव्हा तेही कारण माझ्याकडं राहिलं नाही.

आपा तीन आठवड्यांनी आली. नात झाली होती, पेढे घेऊन आली. मी तोपर्यंत सुकलेलं फूल कापून टाकलं होतं, खण उसवला होता, बादली तिच्या अंगणात नेऊन ठेवली होती. तिला म्हटलं, “आपा, तुमची कळी गळाली. वारं लई सुटलं होतं. माझ्याला एक आली होती पानाआड, मलाच दिसली न्हवती — ती फुलली.” ती बादलीपुढं बसली. जिथं कळी होती त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मी सोडून गेले ना, म्हणून रुसलं.” आणि उठून माझ्या घरी आली, माझ्या झाडाचं कौतुक करायला. तपासायला नाही, कौतुक करायला! माझ्या त्या राखेनं माखलेल्या टबाला तिनं हात लावून दुवा दिली. वर्तमानपत्र मागून घेतलं, फोटो कापला आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फोटोतला हिरवा खण माझ्या टबालाच गुंडाळलाय असं समजून हसून हसून बेजार. “झाडाला ब्लाऊज शिवलास व्हय गं?”

मीही हसले. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू आहे.

इथं संपलं असतं तर मी कदाचित हे सांगितलंच नसतं. एक फूल होतं, गेलं. पण ‘मी सोडून गेले म्हणून रुसलं’ हे तिच्या मनात रुतून बसलं, आणि ते मी रुतू दिलं. पुढच्या वर्षी कळी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, आणि त्याच महिन्यात रुबीनाला दुसऱ्या बाळंतपणाचे दिवस भरत आले. पहिली पोर दोन वर्षांची, नवरा कामावर, सासू आजारी. रोज फोन. अम्मी ये, अम्मी कधी येतेस. आपा रोज सकाळी पिशवी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. एका दुपारी चहाचा कप हातात धरून तिनं मला विचारलं, “मंगल, तू सांग. जाऊ का? मागल्यासारखं कावून रुसलं म्हंजी?”

तिनं मला विचारलं. दुसऱ्या कुणाला नाही. तुमचं झाड कधीच रुसलं नव्हतं, आपा, बघा फुललं होतं ते, मन भरून फुललं होतं, एवढं म्हटलं असतं तर ती पाचच्या गाडीत बसली असती. मी मशीन चालवत राहिले. “तुमीच ठरवा,” म्हटलं.

ती गेली नाही. रुबीना बाळंत झाली, त्रास झाला, टाके पडले, शेजारणीनं पहिली पोर सांभाळली. फूल त्यानंतर पाचव्या दिवशी उमललं. आपानं मला सगळ्यांच्या आधी बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं, माझा हात हातात घेतला आणि हमीदभाईंचं नाव घेऊन रडली, हसली, परत रडली. पहाटेपर्यंत हात सोडला नाही. इतकं प्रेम मला कुणी केलेलं नाही, आणि ते तिनं नेमकं त्या रात्री करावं! सकाळी ती नांदेडला गेली तर लेकीनं बाळ मांडीवर दिलं, पण बोलली नाही. ‘अम्मीला झाड प्यारं’ एवढंच म्हणाली म्हणे. जवळजवळ वर्षभर मायलेकींचं बोलणं तुटलं. ते वर्ष मी शेजारी बसून बघितलं, चिंध्या वेगळ्या करणारे तिचे हात बघितले, आणि गप्प राहिले.

पुढं त्यांचं जुळलं. लेक शेवटी लेकच. दोन वर्षांपूर्वी आपाचे गुडघे गेले तेव्हा रुबीनाच येऊन तिला कायमची घेऊन गेली. सामान टेम्पोत चढलं, बादली मात्र आपानं चढवू दिली नाही. तिसऱ्या मजल्यावर ऊन नाही, म्हणाली. मग ती बादली दोघींनी धरून माझ्या ओसरीवर आणली. “तुझ्याकडंच राहू दे. तुझ्या हाताला येतं ते. माझ्या हातनं गळतं.”

आता मीच रोज राख पुसते. दोन्ही झाडांची. हमीदभाईंचं नाव पुसट झालंय, पण वाचता येतं.

यंदा बादलीतल्या झाडाला दोन फुलं आली. मी सकाळीच फोन केला, रात्री चेहरा दिसेल असा फोन लावला. आपा डोक्यावर पदर घेऊन, चष्मा लावून तयार बसलेली, मागं रुबीना, नाती. फूल उमलताना ती नुसती बघत राहिली. मला वाटलं आता सांगावं. खरंच वाटलं, ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, “आन् तुझ्याला, मंगल? तुझ्याला आली का यंदा?”

माझ्या टबातल्या झाडाला आजवर एकही कळी आलेली नाही. त्या पहिल्या वर्षीही नाही, नंतरही नाही. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं.

“तीन हायत, आपा,” मी म्हणाले. “पुढल्या हप्त्यात फुलतील.”

ती इतकी खूश झाली! मला दाखव, कितीबी रात होऊ दे, मी जागी राहते, म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिचा तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा मी सांगितलं की गळाल्या, तिन्ही. मग ती बोलायला लागली. मन लावून घेऊ नको, असं होतं, माझी न्हाई का गळाली होती, आपलं काई चुकलं म्हणून गळत न्हाई गं ती, पुढल्या साली बघ कशा येतात. अर्धा तास तिनं माझी समजूत घातली. मी घालू दिली.